एन्ट्रॉपीतला बदल काढताना उष्णता नक्की कुठली घ्यायची?

मृद्गंधा
नमस्कार मंडळी. परीक्षा तोंडावर आली आहे आणि एका गणितापाशी गाडी अडली आहे. गणित असं: एक मोल पाणी उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत अतिशीत केलेलं आहे, म्हणजे अजून द्रवच आहे. ते त्याच तापमानाला गोठतं. परिसरही उणे १० अंशांवर स्थिर आहे. पाण्याची, परिसराची आणि दोन्ही मिळून एकूण एन्ट्रॉपी किती बदलली?

उणे १० अंशांवर गोठताना ५६३४ ज्यूल उष्णता बाहेर पडते. एन्ट्रॉपीतला बदल म्हणजे उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान. ५६३४ भागिले २६३.१५ म्हणजे २१.४. पाण्याची एन्ट्रॉपी २१.४ ज्यूल प्रति केल्विनने घटली, परिसराची तेवढीच वाढली, बेरीज शून्य. पण बेरीज शून्य म्हणजे समतोल, आणि असं पाणी तर जरा धक्का लागला की बघता बघता गोठतं. उत्तरसूचीत पाण्यासाठी उणे २०.६, परिसरासाठी अधिक २१.४ आणि एकूण अधिक ०.८ दिलं आहे. उष्णता एकच, तापमान एकच, मग दोन बाजूंना दोन वेगळे आकडे कसे?

नुसतं सूत्र नको आहे, यामागचं कारण कळलं तर फार बरं होईल.

रसायनी
मृद्गंधा, परिसराचा आकडा बरोबर आहे. पाण्याचा तपासायला हवा. व्याख्येतली उष्णता ही रिव्हर्सिबल, म्हणजे कुठल्याही क्षणी उलट फिरवता येईल अशा, मार्गावरची उष्णता असते, प्रत्यक्षात जेवढी वाहिली तेवढी नव्हे. उणे १० अंशांवर पाणी आणि बर्फ एकमेकांशी समतोलात नसतात. तिथलं गोठणं एकतर्फी असतं, तापमान किंचित वर नेऊन ते उलट फिरवता येत नाही. शून्य अंशावर मात्र येतं. म्हणून वळसा घालून जायचं.

पाणी उणे १० वरून शून्य अंशावर न्या: ७५.३ (पाण्याची उष्माधारकता, म्हणजे एक मोल एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉग, (२७३.१५ भागिले २६३.१५), म्हणजे अधिक २.८१.
शून्यावर गोठवा: ६०१० (शून्य अंशावर एक मोल गोठताना सुटणारे ज्यूल) भागिले २७३.१५, म्हणजे उणे २२.००.
बर्फ पुन्हा उणे १० वर आणा: ३७.७ (बर्फाची उष्माधारकता) गुणिले तोच एलएन, पण उणे चिन्हाने, म्हणजे उणे १.४१.

बेरीज उणे २०.६०. तुझे ५६३४ ज्यूलही याच तीन पायऱ्यांवरून निघतात: ६०१० अधिक ३७७ उणे ७५३. परिसराला मात्र प्रत्यक्ष मिळालेली उष्णता चालते, कारण तो इतका मोठा धरला आहे की त्याचं तापमान ढळत नाही. त्याच्या दृष्टीने ती उष्णता घाईने आली की सावकाश, याने काहीच बदलत नाही. ५६३४ भागिले २६३.१५, अधिक २१.४१. एकूण अधिक ०.८१.

पाखरू
वाचनखूण साठवली. एवढ्याशा ०.८ साठी किती मारामारी, पण पाणी गोठायचं की नाही हे त्या ०.८ वरच ठरतंय हे भारी आहे!

रसायनी
@पाखरू, अगदी. हेच गणित उणे १ अंशाला केलं तर एकूण बदल ०.०८ येतो, शून्य अंशाला बरोबर शून्य, आणि अधिक १ अंशाला उणे. गोठणबिंदू म्हणजे ही बेरीज जिथे चिन्ह बदलते ते तापमान. विद्यार्थ्यांनी ही तिन्ही गणितं एकापाठोपाठ करून पाहावीत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दुसरा नियम हाताला लागतो तो असा.

मृद्गंधा
रसायनी, पायऱ्या कळल्या, मनापासून धन्यवाद. पण एक खटकतंय. पाणी त्या वाटेने गेलंच नाही. ना ते शून्यावर चढलं, ना बर्फ तिथून खाली उतरला. न घडलेल्या गोष्टीवरून काढलेला आकडा घडलेल्या गोष्टीला कसा लागू पडतो?

बॉयलरकाका
प्रश्न अगदी नेमका विचारलास बघ. याचं उत्तर मनात पक्कं बसलं की पुढचा सगळा विषय सोपा जातो.

एन्ट्रॉपी हा स्थितीचा गुणधर्म आहे. पाणी उणे १० अंशांवर, अमुक दाबाला, एवढं सांगितलं की त्याची एन्ट्रॉपी ठरली. ते तिथवर कसं आलं याची नोंद त्याच्यापाशी नसते. उष्णतेचं तसं नाही. उष्णता हा वाटेवरचा हिशेब आहे, वाट बदलली की आकडा बदलतो. कार्नोने १८२४ मध्ये आदर्श इंजिनाचा विचार मांडला. त्याच्या चक्रात गरम बाजूने घेतलेली उष्णता आणि थंड बाजूला दिलेली उष्णता सारख्या नसतात, पण प्रत्येकीला आपापल्या तापमानाने भागलं की भागाकार सारखे येतात. क्लाउझियसने हे धरून ठेवलं आणि कुठल्याही रिव्हर्सिबल चक्रात या भागाकारांची बेरीज शून्य येते हे दाखवलं. चक्रभर फिरून बेरीज शून्य येते याचाच अर्थ ती राशी वाटेवर अवलंबून नाही. तिला एन्ट्रॉपी हे नाव त्याने १८६५ मध्ये दिलं.

तेव्हा दोन टोकं तीच असतील तर मधली वाट आपण सोयीची निवडू शकतो. अट एकच, ती रिव्हर्सिबल हवी, कारण भागाकार फक्त तिथेच खरं उत्तर देतो. बाकी कुठल्याही वाटेवर तो कमी भरतो.

किती कमी, हे आकड्यांत बघू. एक किलो पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर न्यायचंय. पाण्याची एन्ट्रॉपी ४१८० गुणिले एलएन (३५३.१५ भागिले २९३.१५), म्हणजे ७७८ ज्यूल प्रति केल्विनने वाढणार. कशीही तापवा, ७७८ च.

आता समजा ८० अंशांवरच्या एका मोठ्या उष्णतासाठ्याला ते पाणी थेट लावलं. साठ्याने २,५०,८०० ज्यूल दिले, त्याची एन्ट्रॉपी ७१० ने घटली. एकूण वाढ ६८.

त्याऐवजी आधी ५० अंशांच्या साठ्याला लावा, मग ८० च्या. पहिला साठा ३८८ गमावतो, दुसरा ३५५, मिळून ७४३. एकूण वाढ ३५. म्हणजे मध्ये एक थांबा घेतला आणि वाढ जवळजवळ निम्मी झाली. थांबे वाढवत न्या, ती शून्याकडे सरकते. असंख्य थांब्यांची ती वाट म्हणजेच रिव्हर्सिबल वाट. पुस्तकात 'अतिशय सावकाश' लिहिलेलं असतं त्याचा खरा अर्थ हा: प्रत्येक क्षणी देणारा आणि घेणारा जवळजवळ एकाच तापमानावर.

आमच्या धंद्यात हा हिशेब थेट इंधनावर येतो. एकूण वाढीला परिसराच्या तापमानाने गुणलं की वाया गेलेलं काम मिळतं. परिसर २० अंशांवर धरला तर पहिल्या रीतीत सुमारे २० किलोज्यूल काम कायमचं गेलं, दुसऱ्या रीतीत सुमारे १०. उष्णता कुठेच सांडली नाही, ज्यूलचा ताळा चोख जुळतो, तरी काम करण्याची ऐपत गेली. हीट एक्स्चेंजरमध्ये गरम आणि गार प्रवाह समोरासमोरून उलट्या दिशांनी वाहते ठेवतात, ते यासाठीच. सगळ्या लांबीभर दोघांच्या तापमानातलं अंतर कमी राहतं.

मृद्गंधा
काका, ६८ आणि ३५ दोन्ही स्वतः काढून पाहिले. 'सावकाश' या शब्दाला पहिल्यांदाच काहीतरी आकार आला. खूप आभार.

काठावरचा
एक शंका. उष्णतारोधक डब्याचे दोन सारखे कप्पे, एकात वायू, दुसरा रिकामा. मधला पडदा काढला. वायू पसरला, पण उष्णता आत आली नाही की बाहेर गेली नाही. उष्णता शून्य म्हणजे भागाकार शून्य. तरी सगळे म्हणतात एन्ट्रॉपी वाढली. ती आली कुठून?

रसायनी
@काठावरचा, ती बाहेरून आली नाही, आतच तयार झाली. ऊर्जा तयार होत नाही, एन्ट्रॉपी होते, हाच या दोघींमधला मोठा फरक.

गणित सरळ आहे. आदर्श वायू पोकळीत पसरताना काम करत नाही, म्हणून त्याचं तापमान बदलत नाही. म्हणजे टोकं अशी: तेच तापमान, दुप्पट आकारमान. या दोन टोकांमधली रिव्हर्सिबल वाट म्हणजे तापमान स्थिर ठेवून दट्ट्या हळूहळू मागे सरकवणं. त्या वाटेवर एका मोलला आर (वायू स्थिरांक, ८.३१४) गुणिले टी (तापमान) गुणिले एलएन २ इतकी उष्णता द्यावी लागते, ३०० केल्विनला १७२९ ज्यूल. भागिले ३००, उत्तर ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. पडदा काढण्याच्या प्रकारातही तेच ५.७६, कारण टोकं तीच. फरक परिसरात आहे. दट्ट्याच्या वाटेवर परिसर ५.७६ गमावतो आणि एकूण शून्य. पडद्याच्या वाटेवर परिसराला पत्ताही नाही, म्हणून एकूण ५.७६.

आणि इथे एक सापळा आहे. 'उष्णता शून्य आहे, तर मग उष्णतारोधक रिव्हर्सिबल प्रसरण घेऊ' असं मनात येतं. पण त्या वाटेवर वायू काम करतो आणि गार होतो. एकअणू वायू असेल तर ३०० केल्विनवरून १८९ वर येतो. ते वेगळंच टोक झालं. वाट निवडायच्या आधी दोन्ही टोकं कागदावर लिहून काढा. ही सवय परीक्षेत वाचवते.

उत्तरायण
चर्चा छान रंगली आहे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. आकडेमोड करून घेणं ठीक, पण मृद्गंधाने 'कारण' विचारलं आहे. पहिल्या तासाला मी मुलांना एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था असंच सांगतो. आवरलेली खोली एकाच प्रकारची, पसरलेली खोली हजार प्रकारची. बर्फ आवरलेला, पाणी पसरलेलं, वाफ त्याहून पसरलेली. मुलांच्या हे चटकन ध्यानात येतं, आणि ते अंदाजही बरोबर करतात.

शून्यकेल्विन
उत्तरायण सर, आदर राखून असहमत. खोलीच्या पसाऱ्याचा ज्यूल प्रति केल्विनशी काहीही संबंध नाही. खोली पसरते ती कोणीतरी पसरवतं म्हणून. शिवाय 'व्यवस्थित' हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर आहे, आणि डोळा इथे साफ फसतो.

कठीण गोलांचं उदाहरण घ्या. एकमेकांना ना ओढणारे ना ढकलणारे, फक्त एकमेकांत न शिरणारे गोळे. एका डब्यात ते पुरेसे दाटीने भरले की आपोआप स्फटिकासारखी रचना करतात. आल्डर आणि वेनराइट यांनी १९५७ मध्ये संगणकावर हे दाखवलं. तिथे आकर्षणाची ऊर्जाच नाही. जे घडतं ते निव्वळ एन्ट्रॉपी वाढते म्हणून. ओळीत बसल्यावर प्रत्येक गोळ्याला आपल्या जागी हलायला जास्त मोकळीक मिळते, आणि एकूण शक्य मांडण्या वाढतात. ऑनसागरने १९४९ मध्ये लांबुडक्या कणांबद्दल असंच दाखवलं होतं, ते आपणहून एका दिशेला तोंड करून राहतात. डोळ्याला व्यवस्था दिसते आणि एन्ट्रॉपी जास्त असते.

फ्रँक लॅम्बर्ट या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाठ्यपुस्तकांतून 'अव्यवस्था' काढून टाकावी म्हणून कित्येक वर्षं लावून धरलं. ऊर्जा किती पसरली, किती वाटली गेली, असं सांगा म्हणायचे. मला ते पटतं.

उत्तरायण
शून्यकेल्विन, गोलांचं उदाहरण मोलाचं आहे आणि वरच्या वर्गात मी ते घेईन. पण ज्याला अजून मोल आणि मोलॅरिटी वेगळी करता येत नाही त्याच्यापुढे ते ठेवलं तर तो बिचकेल. अपवाद नंतर सांगता येतात. आधी पाय टेकायला जागा हवी. आणि 'ऊर्जा पसरते' हेही पडदा काढलेल्या वायूला सरळ बसत नाही. तिथे ऊर्जा होती तेवढीच आहे, तापमान तेच, पसरला आहे तो वायू.

सांख्यिक
दोघांच्या मध्ये पडतो. अव्यवस्था नको, पसरणंही नको, सरळ मोजू. मोजता येतं तेव्हा उपमा कशाला? बोल्ट्झमनने १८७७ मध्ये जो संबंध जोडला तो हाच: बाहेरून दिसणारी एक स्थिती आतून किती प्रकारे असू शकते, त्या संख्येचा लॉग. त्याच्या व्हिएन्नातल्या समाधीवर हेच सूत्र कोरलेलं आहे.

मोजायला छोटं उदाहरण घेतो. एक पदार्थ म्हणजे तीन कंपनं, आणि ऊर्जा म्हणजे सारखे ठोकळे. शून्य ठोकळे असतील तर मांडणी १. एक ठोकळा असेल तर ३, कारण तो तिघांपैकी कोणाकडेही. दोन असतील तर ६, तीन तर १०, चार तर १५, पाच तर २१, सहा तर २८.

आता असे दोन पदार्थ घ्या, एकाकडे सहा ठोकळे (गरम), दुसऱ्याकडे शून्य (गार). एकूण मांडण्या २८ गुणिले १, म्हणजे २८. एक ठोकळा गरमकडून गारकडे गेला: २१ गुणिले ३, ६३. आणखी एक: १५ गुणिले ६, ९०. आणखी एक: १० गुणिले १०, १००. पुढे पुन्हा ९०, ६३, २८. ठोकळा मुद्दाम कोणीकडे जात नाही, तो नुसता इकडेतिकडे फिरतो. पण सगळ्या ४६२ मांडण्या सारख्याच शक्यतेच्या, म्हणून बहुतेक वेळ व्यवस्था मधल्या भागात सापडते. इथे तीनच कंपनं आहेत म्हणून २८ हेही अधूनमधून दिसेल. खऱ्या पदार्थात मोलला ६ वर तेवीस शून्यं या घरातले कण असतात, तिथे मागे फिरणं कधी दिसतच नाही.

आणि मृद्गंधा, उष्णतेला तापमानाने का भागतात तेही इथेच दिसतं. तोच एक ठोकळा रिकाम्या पदार्थाला मिळाला तर त्याच्या मांडण्या तिप्पट होतात. ज्याच्याकडे पाच आहेत त्याला मिळाला तर २१ च्या २८, फक्त एक तृतीयांशाने वाढल्या. गार पदार्थाला मिळालेल्या ऊर्जेने मांडण्या जास्त पटीने वाढतात, गरमला मिळालेल्या ऊर्जेने कमी. 'भागिले तापमान' हे त्याचंच नाव.

पडद्याच्या वायूलाही हे तसंच लागू. आकारमान दुप्पट झालं की प्रत्येक रेणूच्या जागा दुप्पट. एका मोलसाठी त्याचा लॉग घेऊन बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने गुणा, आर एलएन २ येतं. रसायनींचे ५.७६ ते हेच.

उत्तरायण
सांख्यिक, हा प्रतिसाद मी वर्गात फळ्यावर जसाच्या तसा घेणार आहे. २८, ६३, ९०, १०० मुलांकडूनच काढून घेता येईल. अकरावीतल्या मुलालाही जमेल.

शून्यकेल्विन
+१. 'मोजता येतं तेव्हा उपमा कशाला' यावर माझी आणि सरांची दिलजमाई झाली असं जाहीर करायला हरकत नाही. :)

पाखरू
अवांतर आहे, पण विचारतेच. एन्ट्रॉपी वाढतच जाते तर एका बीजातून एवढं रेखीव झाड कसं तयार होतं? मागे एका चर्चेत कोणीतरी ठासून म्हणत होतं की सजीव दुसरा नियम मोडतात.

सांख्यिक
@पाखरू, मोडत नाहीत. नियम एकूण बेरजेबद्दल आहे, एका भागाबद्दल नाही. मृद्गंधाच्या गणितात पाण्याची एन्ट्रॉपी २०.६ ने घटलीच की. अट एवढीच की परिसराने त्याहून जास्त भरून द्यावं.

पृथ्वीचा परिसर म्हणजे एकीकडे सूर्य आणि दुसरीकडे गार आकाश. सूर्याचा प्रकाश सुमारे ५८०० केल्विनचा, आणि पृथ्वी तेवढीच ऊर्जा परत बाहेर टाकते ती सुमारे २५५ केल्विनला साजेशा अवरक्त किरणांतून. ऊर्जा जेवढी येते जवळपास तेवढीच जाते, पण आलेल्या प्रत्येक फोटॉनमागे वीसेक फोटॉन बाहेर जातात. तीच ऊर्जा वीसपट वाटेकऱ्यांत वाटली गेली. झाड वाढताना जी घट होते ती या वाढीपुढे अगदी किरकोळ आहे.

बॉयलरकाका
मूळ विषयाकडे येताना एक इशारा. वेळ वाचवायला लोक तक्ते वापरतात, वापरावेतही. पण तक्ता कुठल्या शून्यापासून मोजलाय ते बघा. आमच्या स्टीम टेबलमध्ये २५ अंशांवरच्या पाण्याची एन्ट्रॉपी किलोला ०.३६७ किलोज्यूल प्रति केल्विन असते. रसायनशास्त्राच्या तक्त्यात तेच पाणी मोलला ६९.९ ज्यूल प्रति केल्विन, म्हणजे किलोला सुमारे ३.८८. दहापटीहून जास्त फरक, आणि दोन्ही बरोबर! स्टीम टेबलमध्ये त्रिबिंदूवरच्या (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र समतोलात असतात) द्रव पाण्याला शून्य मानतात, ही सोय आहे. रसायनवाले निरपेक्ष शून्यापासून मोजतात. वजाबाकी एकाच तक्त्यातल्या दोन आकड्यांची करा, मग कुठलाही चालेल. स्टीम टेबलमध्ये १०० अंशांवर वाफेची ७.३५५, पाण्याची १.३०७, फरक ६.०४८. आणि सुप्त उष्णता २२५७ भागिले ३७३.१५ केली तरी ६.०४८ च.

रसायनी
काकांना जोडून: रासायनिक अभिक्रियेत मूलद्रव्यांची एन्ट्रॉपी शून्य धरू नका. निर्मितीची एन्थाल्पी मूलद्रव्यांना शून्य मानतात, त्या सवयीने हात इथेही शून्य लिहून जातो. हायड्रोजन १३०.७, ऑक्सिजन २०५.१, ग्राफाइट ५.७, हिरा २.४. खोलीच्या तापमानाला शून्य कुणाचीच नाही.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून द्रव पाणी: ६९.९ उणे १३०.७ उणे १०२.६, म्हणजे उणे १६३.४. दीड मोल वायू जाऊन एक मोल द्रव झाला, घट होणारच. तरी ही अभिक्रिया स्फोटासारखी होते, कारण मोलमागे २८५.८ किलोज्यूल उष्णता परिसराला मिळते. भागिले २९८.१५, अधिक ९५९. एकूण सुमारे अधिक ७९५. गिब्जची मुक्त ऊर्जा म्हणून जे शिकवतात ते याच बेरजेला उणे तापमानाने गुणून येतं. सूत्र पाठ करणाऱ्यांनी एकदा हा संबंध मांडून पाहावा, चिन्हांचा गोंधळ कायमचा संपेल.

मृद्गंधा
सगळे प्रतिसाद सावकाश वाचले आणि मूळ गणित थोडं बदलून पाहिलं. परिसरच काढून टाकला. एक मोल अतिशीत पाणी उणे १० अंशांवर, पण आता पूर्ण उष्णतारोधक भांड्यात, आणि त्यात बर्फाचा एक कण टाकला. उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून गोठताना सुटलेली उष्णता उरलेल्या पाण्यालाच तापवणार. शून्य अंशावर आलं की थांबणार.

पाणी शून्यावर यायला ७५३ ज्यूल लागतात. म्हणजे ७५३ भागिले ६०१०, जेमतेम साडेबारा टक्के पाणी गोठेल. बाकीचं द्रवच. टोकं मिळाली: सुरुवातीला उणे १० अंशांचं पाणी, शेवटी शून्य अंशाचं पाणी आणि बर्फ.

वाट: सगळं पाणी शून्यावर न्या, अधिक २.८१. मग साडेबारा टक्के गोठवा, ७५३ भागिले २७३.१५, उणे २.७६. एकूण अधिक ०.०५ ज्यूल प्रति केल्विन. परिसराचा बदल शून्य, म्हणून एकूणही तेवढंच.

हे बरोबर आहे का? इथे बाहेरची उष्णता शून्य आणि तरी उत्तर शून्य नाही, म्हणजे काठावरचा यांच्या पडद्यासारखंच झालं ना?

रसायनी
शंभर टक्के बरोबर. आणि तुलनाही बरोबर केलीस. हे गणित पुस्तकात नसतं, तू स्वतः बनवलंस याचा खरोखर आनंद झाला.

बॉयलरकाका
शाब्बास! ०.०५ बारीक दिसतं, पण चिन्ह अधिक आहे, तेवढं पुरे. गोठून गोठून थांबतं कुठे, तेही तू आधीच बरोबर ओळखलंस.

काठावरचा
मृद्गंधा, मस्त. माझं एक शेवटचं. सगळ्यांनी ७५.३, ३७.७ असे ठरलेले आकडे धरले. दहा अंशांत चालेल, पण शून्य केल्विनपासून मोजलेली ती ६९.९ कशी काढली असेल? उष्माधारकता तर तापमानाप्रमाणे बदलते, आणि तळाशी तापमानाने भागायचं म्हणजे शून्याने भागणं आलं.

शून्यकेल्विन
@काठावरचा, माझ्या आयडीला साजेसा प्रश्न विचारलात. :)

शून्याने भागणं येत नाही, कारण तापमान खाली जाईल तशी उष्माधारकताही कोसळते. डिबायने १९१२ मध्ये दाखवल्याप्रमाणे स्फटिकात ती अगदी खालच्या तापमानाला तापमानाच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणून तापमानाने भागल्यावरही शून्याकडेच जाते. प्रयोगात जिथवर मोजता येतं तिथवर मोजतात, त्याखालचा तुकडा या घनाच्या नियमाने जोडतात. त्यात भर घालायची वितळण्याची आणि उकळण्याची, प्रत्येकी सुप्त उष्णता भागिले त्या बिंदूचं तापमान.

सुरुवातीचा शून्य मिळतो तो तिसऱ्या नियमातून. त्याचा उगम नेर्न्स्टचा, १९०६ चा. निर्दोष स्फटिकात निरपेक्ष शून्याला एकच मांडणी उरते, आणि एकाचा लॉग शून्य.

पण पाण्याच्या बाबतीत हा हिशेब थोडा कमी भरतो. जिओक आणि स्टाउट यांनी १९३६ मध्ये बर्फाची उष्माधारकता अगदी खालपर्यंत मोजली, तेव्हा बेरीज वर्णपटावरून काढलेल्या एन्ट्रॉपीपेक्षा मोलला सुमारे ३.४ ज्यूल प्रति केल्विन कमी आली. पॉलिंगने १९३५ मध्येच कारण सांगितलेलं होतं. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन, दोन जवळ, दोन लांब. कुठले दोन जवळ हे ठरलेलं नसतं, आणि गार होताना ती निवड आहे तशीच अडकून पडते. मांडण्या मोजल्या की रेणूमागे दीड येतात. आर एलएन १.५ म्हणजे ३.३७. तक्त्यातल्या ६९.९ मध्ये हा वाटा धरलेला आहे.

हाताने काढून बघायचं असेल तर आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तापमानाचा एलएन घ्या, उभ्यावर उष्माधारकता. रेषेखालचं क्षेत्रफळ हाच एन्ट्रॉपीतला बदल, वेगळं भागायची गरज नाही. बर्फासाठी १० केल्विनपासून २७३ पर्यंत करून बघा. आकडे मिळाले नाहीत तर व्यक्तिगत निरोप करा, पाठवतो.